मॉरीनच्या वर्तुळातलं लिंबू

अलका : म्हणजे ते लिंबू तू ठेवलंस.

शशी : हळू बोल. आर्या वर आहे.

अलका : कुंकू लावून, टाचण्या टोचून. शेजारच्या मॉरीनच्या बागेत, तिच्या त्या दगडांच्या वर्तुळाच्या बरोब्बर मधे.

शशी : काळी बाहुलीपण करणार होतो. ड्यूटीला उशीर होत होता.

अलका : शशी.

शशी : अगं, गंमत. बार्बेक्यूला काय म्हणाली, आठव. 'आम्ही विचेस, आम्हाला कशाची भीती नाही.' म्हटलं बघू तरी, आपल्या नाक्यावरचा उतारा साउथहॅम्प्टनच्या चेटकिणीवर चालतो का.

अलका : मग, चालला?

शशी : चालला ना. तोच तर घोळ झालाय.

आर्या : मी जिन्यावरच आहे, बाबा. सगळं ऐकलं.

शशी : झालं.

आर्या : दॅट वॉज यू? टॅमझिन किती रडला माहितीय तुला?

अलका : रडली.

आर्या : रडली, व्हॉटेव्हर. मॉरीनला वाटतं टॅमझिनने कर्स टाकला. आज साउइन आहे, त्यांचा मोठा सण. सातला अख्खा ग्रुप येणार आणि टॅमझिनला काढून टाकणार.

शशी : टॅमझिन म्हणजे आमच्या थिएटरमधली नर्स? तुला ड्रायव्हिंग शिकवलं ती?

आर्या : किती टॅमझिन आहेत, बाबा?

शशी : तरीच आठवडाभर गप्प होती. मला वाटलं, सर्दी झालीय. पण तिच्यावरच का आलं?

आर्या : कारण त्यांचं ऑलरेडी भांडण होता. मॉरीन गार्डनेरियन आहे. त्यांच्यात तू आपला आपण विच होऊ शकत नाही. दुसऱ्याने तुला इनिशिएट करायचं, त्याला आणखी कोणी केलेलं असतं, अशी लाइन. सगळं सीक्रेट, काही बदलायचं नाही. टॅमझिनपण तिच्याकडेच शिकली. पण आता ती एक्लेक्टिक झाली. ग्रुपला येते, पण घरी एकटीपण करते, आवडेल ते घेते. थोडं ड्रुइड लोकांचं, थोडं नॉर्स देवांचं, थोडं आपलं.

अलका : घराणं आहे म्हण की. मॉरीनने गंडा बांधला, आणि ही आता सगळ्यांच्या चिजा गाते.

आर्या : गंडा म्हणजे?

अलका : नंतर सांगते. थोडं आपलं म्हणजे काय?

आर्या : तुझं कुंकू, आई. संक्रांतीला बोलावून तिला करंडा दिलास ना, तो तिच्या पूजेच्या ऑल्टरवर असतो. मॉरीनला ते मिक्सिंग अजिबात आवडत नाही. म्हणून लिंबूवर रेड पावडर बघून तिने लगेच टॅमझिनचं नाव घेतलं.

अलका : मी दिलेल्या कुंकवावरून.

शशी : तुझा काय दोष त्यात?

अलका : तू कुठलं वापरलंस?

शशी : देव्हाऱ्यातलं.

अलका : छान. आणि शेजारी एक मराठी घर आहे, हे त्या बाईच्या डोक्यात आलंच नाही?

शशी : मी डॉक्टर ना. भूल देणारा, सायन्सवाला. उलट मलाच बोलावून दाखवलं. 'शशी, तू शहाणा माणूस आहेस, तुला काय वाटतं?'

अलका : तू काय म्हणालास?

शशी : म्हटलं, वाईट दिसतंय.

आर्या : बाबा.

शशी : हसू दाबत होतो गं. ती खरंच घाबरलीय, ते नंतर लक्षात आलं.

आर्या : टॅमझिनला तर वाटतं तिचाच चूक आहे. तिने काही ठेवलं नाही, पण मॉरीनवर खूप चिडली होती. त्यांच्यात मानतात, जे पाठवाल ते तीनपट परत येतं. ती म्हणते, माझा राग तिथे जाऊन पडला असेल. आता कोणाचाच फोन घेत नाही.

शशी : हे मला माहीत नव्हतं.

अलका : आता माहीत झालंय. ऊठ.

शशी : उद्या जातो. सगळी मंडळी गेल्यावर, निवांत बसून नीट...

अलका : उद्या टॅमझिन ग्रुपच्या बाहेर असेल, शशी. मग नीट काय सांगणार?

शशी : अजून एक आहे.

अलका : अजून?

शशी : आपल्या गेटपाशी नवी रोझमेरी लागलीय ना, ती मॉरीनने लावली. खाली बाटली पुरलीय. त्यात सुया, मीठ, काय काय. तिच्यावरच्या करणीची झळ आपल्या घराला लागू नये म्हणून. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई, खाली वाकून खणत होती. मी चहा नेऊन दिला.

अलका : जा.

शशी : जातो.

(थोड्या वेळाने. दाराशी.)

आर्या : ओरडली?

शशी : नाही.

अलका : हसली तरी?

शशी : नाही. 'टॅमझिन नव्हती?' म्हणाली. मी म्हटलं, नव्हती. परत तेच विचारलं. मग पायरीवर बसली.

आर्या : आणि ती बॉटल?

शशी : राहू दे म्हणाली.

अलका : बूट का काढत नाहीयेस?

शशी : टॅमझिनकडे जायचंय. सातची मंडळी मॉरीनने उद्यावर टाकली. ती आपल्या गाडीत बसलीय. तिनेही फोन लावून पाहिला, टॅमझिन घेत नाही.

अलका : मग जा की. तिला कशाला ताटकळत ठेवलंस?

शशी : अलका, आम्हा दोघांना बघून दार उघडणार नाही ती.

अलका : आणि मला बघून?

शशी : तू करंडा दिला होतास.

अलका : थांब. कोट घेते.