पापणी नसलेले श्रोते

वसुधा: आमंत्रणाचं मागाहून, भाऊजी. असे जवळ सरका, या हौदाच्या कठड्यावर बसा. आज आख्यान मी लावते. तुमच्या दादांसारखं टाळ-झांजांत रंगणार नाही, पण गोष्ट खरी आहे.

विद्याधर: वहिनी, उत्तराने बजावलंय, होकार घेतल्याशिवाय अंधेरीला परत येऊ नका. उद्या आमच्या लेकीचं बारसं. तिला आत्या नाही, तेव्हा कानात नाव तूच सांगायचंस.

वसुधा: गोष्ट ऐका, उत्तर तिच्यातच आहे. मुलुंडात एका बाईच्या अंगणात एक हौद होता. नवऱ्याने त्यात सोनेरी मासे सोडलेले. दर एकादशीला हौदाकाठी त्याचं कीर्तन व्हायचं. मंडळी अंधारात ठेचकाळतात म्हणून त्याने आंब्याच्या फांदीवरून हा मोठा थोरला दिवा खाली सोडला, बरोब्बर पाण्यावर.

विद्याधर: आणि म्हणायचा, मासे हे माझे पुढच्या रांगेतले श्रोते. कधी पेंगत नाहीत.

वसुधा: पापणीच नाही ना त्यांना. मागच्या रांगेत कोण घोरतंय, तेही हे सांगायचे.

विद्याधर: भर कीर्तनात, नाव घेऊन.

वसुधा: उन्हाळा लागला की मासे अंडी घालायचे. पिल्लं जगायची. शेजारीपाजारी बरण्या घेऊन यायचे, हे कुणाला नाही म्हणायचे नाहीत. मग हे गेले. बाई राहिली. आणि गेल्या पौषात, ऐन थंडीत, पाण्यातल्या मुळांना अंडी चिकटलेली दिसली. तिला वाटलं, देवाने आपल्याला काहीतरी परत दिलं. रोज सकाळी वाकून बघायची. पिल्लं निघाली आणि एकेक करून सगळी तळाला गेली. यंदा पुन्हा तसंच. काल शेवटची गाळणीने काढली.

विद्याधर: मला बोलली नाहीस.

वसुधा: काय बोलू? माझ्या पोटचं डोळे न उघडता गेलं, तेव्हा हे रात्र रात्र उशाशी बसून सांगायचे, तुझा दोष नाही. आता सांगायला ते नाहीत. मी ज्याच्यावर वाकते ते जगत नाही, भाऊजी. तुमच्या लेकीच्या कानाशी मी वाकणार नाही. विधवा म्हणून म्हणत नाहीये, ते उत्तराने केव्हाच मोडीत काढलंय. झालं, एवढंच आख्यान. उठू द्या मला, दिवेलागण झाली. हौदावरचा दिवा लावायचाय.

विद्याधर: थांब. बटणाला हात लावू नकोस.

वसुधा: का हो?

विद्याधर: दादा होता तेव्हा हा दिवा कधी लागायचा?

वसुधा: एकादशीला. एरवी इथे अंधारच.

विद्याधर: आणि आता?

वसुधा: रोज. हे गेले त्या संध्याकाळपासून एकदाही चुकवला नाही. पोथी वाचता वाचता माझा डोळा लागेपर्यंत जळतो. तेवढीच त्यांची सेवा.

विद्याधर: वहिनी, माशांना महिने कळत नाहीत. दिवस केवढा आहे, ते मात्र त्यांच्या अंगाला कळतं. दिवस मोठा होऊ लागला की आत अंड्यांची तयारी सुरू होते. कार्तिकात दिवस आखडतो, तशी ती थांबते. म्हणजे थांबायला हवी. तुझ्या हौदात तो आखडतच नाही. सूर्य गेला की हा आहेच.

वसुधा: म्हणजे पौषात त्यांना वाटलं...

विद्याधर: वैशाख जवळ आला. त्यांनी अंडी घातली. पाणी मात्र पौषाचंच. डोंगराकडून गारठा येतो, आणि एवढ्याशा पिल्लांना खायला लागतं ते बारीक जीवजंतू या दिवसांत पाण्यात फारसे नसतात. तुझ्या हाताचा यात काही संबंध नाही.

वसुधा: दिवा कोणाच्या हाताने लागत होता?

विद्याधर: पण तुला हे कुठे ठाऊक होतं?

वसुधा: उजेड नको म्हटलं तरी मिटायला पापणी नाही हो त्यांना. आणि मी समजत होते, ह्यांच्या श्रोत्यांना सोबत करतेय.

विद्याधर: तुला ठाऊक नव्हतं. मला होतं.

वसुधा: काय?

विद्याधर: गेल्या पौषात आलो होतो ना. खाली अंडी बघितली, वर दिवा बघितला. कॉलेजात हेच शिकवतो मी. तिथल्या तिथे कळलं.

वसुधा: कितीतरी वेळ तुम्ही वर बघत उभे होतात. मला वाटलं, दादांची आठवण आली. मी आत जाऊन तुमच्यापुरता भात टाकला.

विद्याधर: तो जेवलो मी. तरी बोललो नाही. मनात म्हटलं, माशांची एक वीण गेली तर गेली, पण हा दिवा लावू नकोस म्हणून वहिनीला कोणत्या तोंडाने सांगू? पिल्लं मेल्याचा दोष तू वर्षभर स्वतःच्या हातांवर घेऊन बसलीस, हे मला सुचलंसुद्धा नाही.

वसुधा: वर्गातल्या पोरांना सांगता हे?

विद्याधर: दरसाल.

वसुधा: मला नाही सांगितलंत.

विद्याधर: नाही.

(अंगणात अंधार दाटतो. दिवा लागत नाही.)

वसुधा: हे असते तर यावर तासभर निरूपण केलं असतं. आणि शेवटी मला न विचारता तुम्हाला माफ करून टाकलं असतं.

विद्याधर: आणि तू?

वसुधा: मला वेळ लागेल. पाण्यात दिसतंय का काही?

विद्याधर: काहीच नाही.

वसुधा: बरं आहे. निजू देत बिचारे. लेकीचं नाव काय ठरवलंय? आत्ताच सांगा, वाटेत घोकत येईन. ऐनवेळी विसरले तर उत्तरा मला सोडायची नाही.

विद्याधर: माणिक. येशील, वहिनी?

वसुधा: येते. आणि मीच वाकेन तिच्या कानाशी.

विद्याधर: एकादशीला लाव की दिवा. एखाद्या रात्रीने त्यांचं काही बिघडत नाही.

वसुधा: एकादशीला लावीन. बाकीच्या संध्याकाळी हा अंधार मला एकटीला पेलवायचा नाही, भाऊजी. तुमच्या घरी दिवे लागतील ना, तेव्हा ह्यांची आठवण ठेवा.