फरशी कधी पूर्ण होणार?

...आणि वर मलाच विचारतात, "त्रेचाळीस कामं का रखडवलीत?" मला! हातात बादली, खांद्यावर फडका, आणि त्रेचाळीस कामं म्हणे मी रखडवली! ...अहो तुम्ही उठू नका, बसा. साहेबांनाच भेटायचंय ना? मग भरपूर वेळ आहे. ते आत्ता 'दोन मिनिटांत' येतायत. हे साहेब नवे आहेत, आठ महिन्यांचे, पण दोन मिनिटं सगळ्या साहेबांची सारखीच लांब असतात, एकोणीस वर्षं बघतेय मी. पाय तेवढे वर घ्या, खाली ओलं आहे. हां. तर तुम्हाला सांगते...

हे आमचं ऑफिस म्हणजे शीतगृहं बांधून देणारं. दवाखान्यांना, फळवाल्यांना, मासळीवाल्यांना. एका वेळी पन्नास-साठ कामं चालू, ती कुणाच्या डोक्यात राहणार? म्हणून कंप्युटरात एक मोठी वही होती. साहेबलोक तिचं काहीतरी लांबलचक नाव घ्यायचे, मी वहीच म्हणते. त्यात दर कामाची एक ओळ, ओळीत चौकटी. काम कोणतं, प्रमुख कोण, संपणार कधी, आणि शेवटी एक ठिपका. काम वेळेवर असलं तर हिरवा, ढेपाळलं तर पिवळा, बोंबललं तर लाल. ते सगळं आत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचं. पहिल्या दिवशी मी ते लाल ठिपके घासून काढायला गेले होते, मला वाटलं कुणाची शाई उडाली! अर्धा तास घासलं. लाल ते लालच. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

तर अकरा वर्षांमागं इथले एक साहेब तडकाफडकी सोडून गेले. त्यांच्या नावावर चार कामं, चारीही लाल. आता ती घेणार कोण? एक म्हणतो, "माझ्या नावावर लाल ठिपका नको हं!" दुसरा म्हणतो, "माझं प्रमोशन तोंडावर आलंय." तिसरा फोन कानाला लावून जिन्यात पळाला, फोन बंदच होता, मी पाहिलं ना. आणि वहीची तर मेलीची अट अशी, की प्रमुखाची चौकट कोरी सोडली तर पान पुढं सरकायचंच नाही. ती वही भरायला एक मॅडम होत्या, कपाळाला बाम लावलेल्या, कायम. मी त्यांच्या टेबलाखाली झाडत होते. त्यांनी खाली वाकून विचारलं, "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

माझ्या काळजात कसं लख्ख झालं! कारण मी कायम करायचा अर्ज दिलेला होता महिन्यापूर्वी. कंत्राटी म्हणजे काय, दर वर्षी कागदावर नव्यानं जन्म घ्यायचा. मला वाटलं, झालं, कायम करतायत! मी फडका बाजूला ठेवला, पदर नीट केला, आणि माझं, नवऱ्याचं, आडनाव, वर माहेरचंसुद्धा सांगितलं. मॅडमनी टाइप केलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. रिकामं चालत नाही."

रिकामं चालत नाही! काय ते मला तेव्हा कळलं नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन गोड केलं.

मग काय, पायंडाच पडला. साहेब सोडून गेला की त्याची कामं माझ्या नावावर. इंजिनियर परदेशी गेला, टाका मावशीच्या नावावर. एकजण नुसता दुसऱ्या मजल्यावर गेला, तरी माझ्या नावावर! कारण मी आरडाओरडा करत नाही ना, करणार कशी, मला वही उघडताच येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मी सोडून जात नाही. अकरा वर्षांत या ऑफिसातलं कोण राहिलं सांगा? दारावरचा राखणदार, पाण्याचं पिंप आणि मी. पिंपाला आडनाव नाही म्हणून, नाहीतर वीस त्याच्या नावावर गेली असती.

बरं, आता नवे साहेब आले आणि म्हणाले जुनी वही बंद, नवी घ्यायची. जुन्यातलं सगळं उचलून नव्यात न्यायचं. त्यासाठी बाहेरून एक गृहस्थ बोलावले. डोळ्यावर एक चष्मा, डोक्यावर एक चष्मा. मी त्यांना दोन चष्मेच म्हणते. मी म्हटलं, "काहो, हलवताना नीट बघून हलवा, आम्ही घर बदललं तर अर्धी भांडी गायब झाली होती आणि जी आली त्यात दोन दुसऱ्यांचीच होती." तर हसले. "मावशी, इथं तसं होत नाही. जसंच्या तसं जातं सगळं."

तेच तर! जसंच्या तसं गेलं!

नवी वही हुशार. तिनं काय करावं, ज्याच्या नावावर लाल काम त्याला स्वतःच निरोप धाडला. सकाळी मी नवऱ्याच्या गुडघ्याला शेकत होते आणि माझा फोन टुंगटुंगटुंगटुंग... थांबेचना! नणंद खालच्या मजल्यावर राहते, रोज भावाचा गुडघा बघायला येते. बघायला हं, धरायला नाही. मी चौथी शिकलेली, मराठी वाचते, पण हे इंग्रजीत. नणंदेनं फोन घेतला आणि तिचे डोळे हे एवढे. "वहिनी, तू मॅनेजर आहेस?" म्हटलं, "काहीतरी काय!" तर म्हणते, "मग त्रेचाळीस कामं बुडवलीस कशी? आणि आम्हाला सांगते फरशी पुसते म्हणून! दादा, बघ रे, तुझी बायको एवढी मोठी साहेबीण आणि तुझा गुडघा असा?"

आता गुडघ्याचं सांगते, तेवढं ऐकाच. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, चालतील पुन्हा. फक्त नंतर दहा दिवस घरात माणूस हवं उचलायला. दहा दिवस! कायम असते तर रजा मिळाली असती. कंत्राटी बाई दहा दिवस आली नाही की अकराव्या दिवशी तिच्या बादलीला दुसऱ्या बाईचा हात असतो. म्हणून तर त्या अर्जाची आता एवढी घाई. अकरा वर्षं तो अर्ज फायलीत आणि दोन वर्षं हे माझे खुर्चीत.

तर त्याच दिवशी आत बैठक. नवे साहेब कागद फडफडवतायत, "ही बाई कोण आहे? त्रेचाळीस प्रोजेक्ट, एक पूर्ण नाही! काढून का टाकली नाही अजून? बोलवा तिला!" आणि मी चहाचा ट्रे घेऊन आत.

साहेब म्हणाले, "मावशी, चहा नंतर. आधी त्या बाईंना येऊ दे."

म्हटलं, "आल्या."

म्हणाले, "कुठायत?"

म्हटलं, "तुमच्यापुढं ट्रे धरून उभ्यात. बिनसाखरेचा तुमचा."

पाच महिने रोज माझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस, त्याला माझं नाव कागदावरून कळलं. सगळे टेबलाकडे बघायला लागले. टेबल स्वच्छच होतं, मीच पुसलेलं. दोन चष्म्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यावर घेतला, डोळ्यावरचा डोक्यावर घातला आणि म्हणाले, "ही नावं खरी नाहीत म्हणजे ही कामं कुठवर आलीत, कोण सांगणार? असं नव्यात राहिलं तर सगळं नासेल."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "विचारा."

"सात नंबर, दवाखान्याचं?"

"ते झालंय की! त्याचा केक कापला होता याच टेबलावर, क्रीम खरवडताना माझं नख मोडलं."

"अकरा?"

"ते मेलं. त्या कामाच्या साहेबांनी गिऱ्हाइकाला जिन्यात फोनवर अशा शिव्या घातल्या, की मी वरच्या पायरीवर अंग चोरून बसले होते."

"एकोणीसचे नकाशे?"

"माझ्या खोलीत. बादल्यांखाली. ओल येते ना."

"सव्वीस?"

"सव्वीस आणि चौतीस एकच आहे. दोन साहेब एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून दोघांनी आपापलं नाव ठेवलं. मासळीवाला बिचारा दोन्हीकडे फोन करायचा."

अहो, कुणी तरी हसलं आणि लगेच खोकला काढला. दोन दिवस! दोन दिवस मी खुर्चीत बसून सांगत होते आणि दोन चष्मे टाइप करत होते. झालेलं झालं म्हणून बंद, मेलेलं मेलं म्हणून बंद. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस निकालात! त्या दोन दिवसांत फरशी कुणीच पुसली नाही, आणि ती कुठल्या वहीत लाल झाली नाही, ते सोडा. साहेब खूश. "वा मावशी, तुम्ही म्हणजे चालतीबोलती वही!" मी ती वेळ साधली. म्हटलं, "साहेब, तेवढा माझा अर्ज..." म्हणाले, "या सोमवारी बघतोच."

शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन आले मी. हे विचारत होते, "खरंच बघतील?" म्हटलं, "या वेळी बघतील. आता नावानं ओळखतात मला." पुढच्याच आठवड्याची तारीख घेतली ऑपरेशनची.

सोमवारी दाराला कार्ड लावलं, तर दिवा लाल. पुसून लावलं. लाल. राखणदार आतून बघतोय.

म्हणाला, "मावशी, तुम्ही यादीत नाही."

"अरे मेल्या, शुक्रवारी माझ्या हातचा चहा प्यायलास ना तू?"

"प्यायलो."

"मग मी कोण?"

"मावशी. पण यादीत नाही."

दोन चष्मे धावत आले. मला म्हणतात, चूक नाही काही, दाराची यादीही आता नवी वहीच ठरवते आणि तिची रचनाच तशी आहे. ज्या माणसाच्या नावावर काम नाही, त्याला ती यादीतून उतरवते. जुन्या वहीत मी त्या त्रेचाळीस कामांमुळे होते! मीच ती एकेक करून बंद केली, आणि शेवटचं बंद झालं तशी... रिकामं चालत नाही!

म्हटलं, "अहो, काम नाही कसं? ही फरशी काय आपोआप..." तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "बरोबर! फरशी हेच काम टाकू." आणि तिथंच राखणदाराच्या स्टुलावर बसून टाकलं. काम, फरशी. प्रमुख, मी. ठिपका हिरवा! मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "मावशी, फरशी कधी पूर्ण होणार?"

म्हटलं, "काय?"

"संपायची तारीख."

"तुम्ही सगळे चालायचे थांबलात की."

"तसं घेत नाही हो ती."

"मग कोरं सोडा!"

काय म्हणाले असतील? तुम्हीच सांगा! ...हां. रिकामं चालत नाही. आणि त्यांनी वर्षाचा शेवटचा दिवस टाकला, कारण चौकटीत तोच पहिला आला म्हणून. त्या शेवटच्या दिवशी मी कामावरून मोकळी. तसं पत्रही आलं, यंत्रानंच पाठवलं, खाली सही नाही.

मी तशीच साहेबांकडे. अर्ज पुढं होता, त्यावर शेरा, 'संपणाऱ्या कामावरच्या माणसाला कायम करता येत नाही.' म्हटलं, "साहेब, तारीख बदला." म्हणाले, "बदलायची तर मुदतवाढ मागावी लागेल. मुदतवाढ मागितली की ठिपका लाल होतो. आणि लाल ठिपक्याच्या माणसाला कायम कसं करणार, मावशी, तुम्हीच सांगा!" मलाच सांगायला लावतात! म्हटलं, "दोन चष्म्यांना बोलवा, ते करतील काहीतरी." तर म्हणाले, "त्यांचं काम संपलं. तारखेप्रमाणे."

मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, एवढ्यात नको. आमच्या ह्यांनी पाय उचलून दुसऱ्या स्टुलावर ठेवला, हातानं. त्यांच्या गुडघ्याला तारीख नाही, आणि माझ्या फरशीला आहे!

आणि गंमत ऐका. ती वही रोज स्वतःच दिवस मोजते आणि काम किती झालं ते पडद्यावर लावते. मी पुसो न पुसो. मागच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांना माझी ओळ दाखवली. "शिका जरा! अख्ख्या ऑफिसात एकच काम वेळेवर संपणार आहे!" टाळ्या वाजवल्या हो सगळ्यांनी. मी कप गोळा करत होते.

...ते बघा, दार वाजलं, साहेब येतायत तुमचे. जाऊ नका पण एवढ्यात, ओलं आहे, घसराल. पाय वरच ठेवा. त्रेपन्न टक्के झालीय फरशी, सत्तेचाळीस राहिलीय.