डावे दोन टायर माझे

मी, रशीद इब्राहिम हळदे, वय ५४ वर्षे, धंदा किराणा दुकान, राहणार आगरदांडा, ता. मुरूड, जि. रायगड. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी फरिदासह राहतो. भिंतीपलीकडे माझा धाकटा भाऊ आमिर राहतो. वडील वारल्यावर घराची उभी वाटणी होऊन ती भिंत घातली. अम्मी जेवते माझ्याकडे, झोपते आमिरकडे. वडिलांची चारचाकी गाडी मात्र सामाईक राहिली.

गेल्या महिन्यात गाडीचे टायर गुळगुळीत झाल्याने बदलायचे ठरले. चारही एकाच कंपनीचे घेऊ, असे मी म्हणालो. आमिर आपल्या ओळखीच्या दुकानातले, भलत्याच कंपनीचे घेणार म्हणून अडून बसला. त्याला माझे काही पटले तर त्याचा घास उतरत नाही. मग आपापले दोन घ्यायचे ठरले. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून पुढची जोडी दोघांनाही नको होती. शेवटी घरासारखी गाडीही उभीच वाटून घेतली. डावीकडचे दोन माझे, उजवीकडचे दोन त्याचे.

टायर बसवणारा सदा म्हणाला, "असं कुणी करत न्हाय. ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढंल." आमिरने त्याला, "तू तुझं काम कर," असे सुनावले. मी मध्ये पडलो नाही. तेवढ्यापुरते आमचे एकमत होते.

काल सकाळी आमिर अम्मीला डोळे तपासायला मुरूडला घेऊन निघाला. ती पुढे डावीकडे बसली होती. रस्ता ओला होता. बकरी आडवी आल्याने आमिरने जोरात ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे वळून मोरीच्या कठड्यावर आदळली. हे त्यानेच सांगितले. अम्मीच्या खुब्याचे हाड मोडले आहे. त्याला खरचटलेसुद्धा नाही.

दवाखान्यात तो अम्मीच्या खाटेशी उभा राहून माझ्यावरच ओरडला, "भाई, गाडी तुझ्या बाजूला वळली. तुझे टायर खराब!" मी म्हणालो, "माझ्या टायरांनी रस्ता धरला रे गाढवा, तुझे घसरले!" त्यावरून आमची झटापट होऊन माझी कॉलर फाटली. वॉर्डमधल्या लोकांनी आम्हाला वेगळे केले. असला नालायक माणूस आमच्या घरात कसा जन्मला, मला कळत नाही.

नंतर नर्सने अम्मीला विचारले, "आजी, घरचं कोण आलंय?" आम्ही दोघे समोरच उभे होतो. अम्मी म्हणाली, "कोणी न्हाय."

आमिरवर निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल कारवाई व्हावी. गाडी ठाण्याच्या आवारात आहे. तिचे डावे दोन टायर माझे असून ते मला परत मिळावेत.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. अम्मीचे वाक्य वगळावे, अशी मी विनंती केली. ती तसे म्हणाली की नाही, एवढेच हवालदारांनी विचारले. म्हणाली. म्हणून खाली सही करतो.