काठोकाठ भरलेली नळी

(जहाजावरची प्रयोगशाळा. टेबलावर समुद्रतळात पाडलेल्या भोकातून काढलेली, उभी चिरलेली गाळाची लांब नळी.)

साहेब : अहवालावर सही करायला एवढा वेळ? तुमच्या नावापुढे जागा सोडलीय.

लॉगिंगवाली : जागा दिसली. वर लिहिलंय तेही वाचलं. 'समुद्रतळापासून नव्वद मीटरपर्यंत सलग चिकण गाळ.' हे खोटं आहे, साहेब.

साहेब : शब्द जपून वापरा.

लॉगिंगवाली : जपूनच वापरला. तोंडात दुसरा आला होता.

साहेब : बाई, भोकातून काढलेली प्रत्येक नळी मी स्वतः चिरून पाहिली. तुमचं लॉगिंग म्हणजे तारेला उपकरण बांधून त्याच भोकात सोडायचं आणि कागदावर रेघ आणायची. हाताला लागलेला गाळ खरा की तुमची रेघ?

लॉगिंगवाली : ही रेघ किरणोत्साराची. चिकण गाळात तो जास्त, वाळूत कमी. बासष्ट मीटरवर रेघ धपकन खाली येते. दीड मीटर मोकळी वाळू आहे तिथे.

साहेब : तिथे भोक रुंदावलंय. रुंद भोकात आकडे पडतातच.

लॉगिंगवाली : मग नेमकं तिथेच का रुंदावलं? वाळू पाण्याबरोबर धुऊन गेली म्हणून. दोनदा उपकरण ओढलं मी. दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या.

साहेब : वाळू धुऊन गेली, तर नळी तेवढी रिकामी यायला हवी. काठोकाठ भरून आली.

लॉगिंगवाली : वर आल्यावर मोजली कधी?

साहेब : जेवण झाल्यावर.

लॉगिंगवाली : जेवताना नळीचं टोपण उडून माझ्या चहात पडलं. तुम्ही पोट धरून हसलात. आठवतंय?

साहेब : त्याचं काय?

लॉगिंगवाली : खाली दबलेला वायू सुटत होता. गाळ फुगत होता. तुम्ही हसत होतात तेव्हा नळी भरत होती.

साहेब : सही नसेल, तर पुढच्या मोहिमेत तुम्ही नसाल.

लॉगिंगवाली : घरी बसेन. या भोकाच्या जागी खांब रोवून त्यावर मचाण बांधणार, वर तीस माणसं झोपणार आहेत. त्यांच्याखाली माझी खोटी सही नको.

साहेब : मिस्त्री, इकडे या. बरमा तुमच्या हातात होता. बासष्टला काय झालं?

मिस्त्री : लिव्हर हलका पडला, साहेब. दीडेक मीटर बरमा आपणहून उतरला.

साहेब : आणि हे आत्ता सांगताय?

मिस्त्री : तुम्ही रोज एकच विचारता, किती मीटर झालं. हात काय म्हणतो ते कुणी विचारलं? वहीत तसा रकानाही नाही.

लॉगिंगवाली : ऐकलंत?

साहेब : बहिरा नाही मी. तो कागद द्या इकडे.

लॉगिंगवाली : फाडू नका. नुसती रेघ मारा. चूक दिसायला हवी.

साहेब : मारली. मिस्त्री, पाच मीटर सरकून दुसरं भोक घ्या.

मिस्त्री : आणि बासष्टची नळी वर आली की?

साहेब : आधी मोजू. मग जेवू.