कापडाखालची भेग

मी मूळची अंजूरची, खाडीकडली. माहेरचं घर मातीचं, पावसाळ्याआधी आई भिंतींना हात लावत फिरायची, जिथं ओल लागली तिथं लगेच माती थापायची, त्यामुळं घराकडं बघावं लागतं हे मला कुनी वेगळं शिकवलं न्हाय. लग्न करून आले ती इकडं भिवंडीत, दुसऱ्या माळ्यावर, आन तळाला कापड विनायच्या लूमचा कारखाना. काय सांगू तुमाला, दिवसरात बिल्डिंग थरथरायची, ओट्यावरची भांडी सरकत सरकत कडेला यायची, मी मागं ढकलायची. समदे बोलायचे, व्हईल सवय. झाली की, ती सवयच नडली मेली.

आमचे हे जॉबर, म्हंजे बिघडलेला लूम चालू करून देनारे. कारखान्यात केवढं नाव! लूमचा आवाज जरा बदलला की आधी मशीन बंद, नट आवळनार, तेल देनार, मंगच शिफ्ट चालू. आन घरात? सैपाकघराच्या डोक्यावरच्या स्लॅबला खालनं भेग पडली, मी बोलले अवो कुना जानत्याला दाखवा, तर बोलले घर काय लूम हाय का, तुजं आपलं कायतरीच. कारखान्यातनं कोऱ्या कापडाची पट्टी आनली, व्हाईट सिमेंटात भिजवून भेगेवर चिकटवली, वरनं रंग मारला, झालं. आमच्याकडं समदे असंच करतात, भिवंडीत कापडाला काय तोटा! शेजारची जैनबभाभी बोलली, भाईसाब, हमारे यहाँ भी पट्टी मार दो. मंग वरचे, खालचे, समदेच बोलवायला लागले, हे जायचे, चहा पिऊन छाती फुगवून यायचे.

आता कापड फाटत न्हाय ना वो. मंग भेग वाढली हे कळनार कसं? आत पानी मुरलं, सळया गंजल्या, सिमेंटचे पोपडे सुटून कापडावर साठत गेले, झोळीत साठावं तसे. एक दिवस सकाळी मी भाजी निवडत व्हते, हे चहा घ्यायला आत गेले, आन अख्खी पट्टी मलब्यासकट ह्यांच्या खांद्यावर. हाड मोडलं. अजून हात वर जात न्हाय, लूमचं काम गेलं ते गेलंच.

तवा मी कुनाला इचारलं न्हाय, सरळ म्युनिसिपालटीच्या हापिसात जाऊन बिल्डिंग तपासायला इंजिनीयर आनला. त्यानं घराघरातल्या पट्ट्या काढायला लावल्या, हातोडीनं ठोकून बघितलं, बोलला इथं कुनी राहायचं न्हाय, खाली करा. झालं, मीच वैरीन! जैनबभाभी, जिच्या बाळंतपनात मी रात रात बसले, ती बोलली, तेरे को क्या पड़ी थी, सबको रस्ते पे ला दिया. खूप लागलं वो मनाला. आमी दापोड्याला गोदामांच्या मागं एक खोली घेतली, आमी दोघं, पोरगा, सून, त्यांची तान्ही, समदे त्या एका खोलीत.

बिल्डिंग खाली झाली तसे लूमपन हलवले. आन तिथंच घात झाला बघा. लूम गेले, थरथर थांबली, तर लोक बोलायला लागले की बिल्डिंग आता बरी झाली! अरे मेल्यांनो, थरथर थांबली म्हून गंजल्या सळया काय परत नव्या व्हतात? पन ऐकतो कोन! पयली जैनबभाभी तिथं परत राहायला गेली, मंग एकेक करून समदे. गेल्या महिन्यात माजा पोरगा पन गेला, बायकोला आन तान्हीला घेऊन. बोलला, आई, इथं जीव गुदमरतो, आन तिकडं आता काय बी हलत न्हाय. मी त्याच्या पाया पडले वो, पोटच्या पोराच्या. ह्यांना बोलले, तुमी तरी सांगा, तर ह्यांनी चांगल्या हातानं पोराची पिशवी उचलून दारात नेऊन ठेवली.

आता रोज दिवा लावते तवा एकच मागते. देवा, तो इंजिनीयर खोटा ठरू दे, त्याच्यापरीस मी खोटी ठरू दे, बिल्डिंग अशीच उभी राहू दे. माजी नात मोठी व्हऊन, आजी तुला उगाच भ्या वाटायचं, असं बोलून मला हसली पायजे.