अवंतीच्या पोटातली गाठ

...म्हणून तुम्हाला सांगतो, कुणाच्या पोटाला उगाच हात लावू नये. मी लावला. नात आमची, अवंती, पाच वर्षांची, पोट दुखतं म्हणाली, बेंबीभोवती हिंग चोळायला बसलो तर डाव्या अंगाला हाताला लागली गाठ... लिंबाएवढी. बायकोला बोलावलं, ती म्हणाली आंब्याएवढी. शेजारचे सुभानराव, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी दाबून बघितलं, "लक्ष्मणराव, नारळ आहे नारळ." रिक्षा आली म्हणून बरं, नाहीतर कलिंगड झालं असतं.

मुलगा-सून कामावर, मीच निघालो पोरीला घेऊन. दवाखान्यात बघतो तर काय, सगळी रांगच गाठवाल्यांची. एका आजींची बरगडीखाली, एका बाईंची ओटीपोटात, समोर तान्हं बाळ, त्यालासुद्धा. छाणी गावचे एक गुजराती भाई तर सदरा वर करून म्हणतात, "काका, हाथ लगाडो ने, मारी तो मोटी छे." मोठी असण्यात कसलं हो कौतुक? पण भिडेखातर लावला हात. लावू नये. कारण मग तोच हात गेला माझ्या पोटावर, आणि तिथंही गाठ... टणक, पार बेंबीपर्यंत. पोरीला घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, देवा, एकच काढायची असली तर हिची काढ, माझी राहू दे.

नंबर लागला. डॉक्टरीणबाई मराठीच निघाल्या. त्यांनी अवंतीला विचारलं, बाळ, संडासला कधी गेली होतीस? पोरगी माझ्या कानात म्हणाली, मावशीकडे पाल होती. मांजलपूरला मावशीकडे लग्न झालं, तिथल्या संडासात हिनं पाल बघितली, आपल्या घरीही असेल म्हणून तेव्हापासून धरून बसलेली, आणि आम्ही शहाणे, पोटाला हलकं म्हणून तिला केळी भरवतोय... बाई म्हणाल्या, "काका, मुलांच्या पोटात अशी गाठ नेहमी सापडते. औषध देते, मोकळी होईल."

मी डोळे पुसले. मग हळूच म्हटलं, आता माझीही बघा. त्यांनी जरासं दाबलं आणि मी टेबलावरून उठूनच बसलो.

"काका, सकाळपासून लघवीला गेला नाहीत का?"

कसा जाणार? नंबर गेला असता ना.

जाऊन आलो. बाहेर येतो तर अवंती तोंड पाडून सगळ्या रांगेला सांगतेय, "आजोबांची गाठ गेली, माझी अजून आहे." आणि ते छाणीचे भाई माझा हात धरून विचारतात, "काका, कई दवा लीधी?"

आता कुठल्या औषधाचं नाव सांगू त्यांना?