मागं उभी राहणारी माणसं

शार्दूल : ...आणि तिसरी गोष्ट म्हणजे सोनं, काका. हिप-हॉपच्या व्हिडिओत गळ्यात जाड चेन असतेच. पुस्तकात तसं दिलंय.

तुळशीराम : पुस्तकान?

शार्दूल : हो. मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला 'शैलीचे संकेत' म्हणून धडा आहे. एक गाण्याचा व्हिडिओ बनवायचा, आणि कुठले संकेत पाळले, कुठले मोडले, ते लिहून द्यायचं.

तुळशीराम : म्हंजे सोनं कसं घालाचं त्याचा कॉलेजान धडा हाय. दिपे, मना आदी बोलाचं नाय? मी शिकवाला आलो असतो.

दिपिका : बाबा, त्याला बोलू दे ना.

तुळशीराम : बोल रं पोरा. चेन देतो. पन वजन हाय तिला. तुजी मान बगून सांगतो.

शार्दूल : मी नाही घालणार, काका. मी दिग्दर्शक. चेन प्रणित घालेल, तो रॅपर. दिपिका प्रॉडक्शन बघते. म्हणजे वडापाव.

तुळशीराम : आमचा प्रनित? दिपीचा चुलतभाव?

दिपिका : हो.

तुळशीराम : गेल्या हलदीला त्याचे हातान माईक दिला, पावन्यांची नावं पुकाराला. सोताच्या बापसाचं नाव इसरला. बापूस समोर बसला होता. तो गानार?

शार्दूल : त्याचे दंड चांगले आहेत, काका. कॅमेऱ्यात येतात.

तुळशीराम : दंड येतात. बरं. पुडं?

शार्दूल : चौथी, गाडी. मोठी, काळी, आणि तिच्यावर बसायचं. आत नाही, वर.

तुळशीराम : गाडी भाच्याच्या लग्नाला गेली. वजीरला घेऊन जा.

शार्दूल : वजीर म्हणजे हा? बैल?

तुळशीराम : हा बोलू नको त्याला. शर्यतीचा हाय. इन्स्टावं तुज्या कॉलेजपेक्षा त्याचेच पाठी लोक जास्त.

शार्दूल : ते खरंय. मी बघितलं. आमचे प्राचार्यसुद्धा त्याला फॉलो करतात. पण बैल संकेतात बसत नाही... थांबा, 'मोडलेले संकेत' यात टाकतो. मार्क तिकडेच जास्त आहेत.

तुळशीराम : एकच हाय. त्याला गानं चालत नाय. मागे शेजारी डीजे वाजला, तर मांडवाच्या खांबाला बांदलेला हा, खांब घेऊनच पलाला. मांडव गेला नदीवं. पावने तिथंच उन्हान जेवत बसले.

शार्दूल : उठले नाहीत?

तुळशीराम : मटन चांगलं होतं. पाचवी काय?

शार्दूल : पाचवी महत्त्वाची. गाणाऱ्याच्या मागे त्याची माणसं उभी पाहिजेत. पाच-सहा तरी.

तुळशीराम : ती काय करतात?

शार्दूल : काही नाही. हात बांधून उभी राहतात. गात नाहीत, नाचत नाहीत. तोंड गंभीर. तुम्ही मागे आहात एवढं दिसलं की झालं.

तुळशीराम : आनि त्याला पन मार्क?

शार्दूल : सगळ्यात जास्त.

तुळशीराम : शिक्शान लय सोपं झालं. थांब, वजीरला सोडून आनतो. तुमची वलक करून देतो.

दिपिका : गेले का? शार्दूल, स्पीकर बॅगेत टाक. इथे ट्रॅक वाजवायचा नाही.

शार्दूल : बैल गाण्यावर काय करतो ते बघायला नको? ऐन शूटिंगला तो प्रणितला घेऊन नदीवर गेला तर?

दिपिका : दुसरं काहीतरी लाव. कसलंही. बाबांना माझा आवाज कळेल.

शार्दूल : कळू दे की. दिपिका, गेलं वर्षभर वर्गात आम्ही जेवढे रॅप ऐकले, त्यात सगळे मुलगे स्वतःचीच आरती ओवाळतात. मीपण ओवाळली. माझ्या गाण्यात मी रस्त्यावर वाढलोय. आई म्हणाली, तुला दहावीपर्यंत मी रस्ता ओलांडून दिलाय. तुझ्या चार ओळी ऐकल्या आणि मी माझं गाणं डिलीट केलं. आणि त्या ओळी तू प्रणितच्या तोंडी देणार.

दिपिका : ओळी बाबांवर आहेत. शेत गेलं, टॉवर आला, त्यावर ते घरात कुणाशी एक शब्द बोललेले नाहीत. आणि मी ते पनवेलभर वाजवायचं? त्यांना वाटेल, पोरीने घरातलं चव्हाट्यावर मांडलं.

शार्दूल : कॉलेज बंद करतील?

दिपिका : कॉलेज नाही रे. बोलणं बंद करतील. आधीच किती थोडं आहे.

तुळशीराम : ह्या बघ, आला. पाठीवं हात फिरव, तोंडाकडं जाऊ नको. लाव तुजं गानं, बगू काय करतो. मी दोरी धरतो.

दिपिका : स्पीकर बिघडलाय, बाबा.

शार्दूल : चालतोय की. ...सॉरी. हात लागला.

स्पीकर : जिथं भात लावला तिथं टावर झायला,
चौदाव्या माल्यावं कुनी मोगरा लावला.
बापूस माजा खालशी वर बगतंय,
इचारलं काय बगतंस, तर मान हलवतंय.
सोना हाय गल्यान, बोलनं नाय तोंडान,
आख्खा शेत मावतंय त्याचे डोल्यान.

(वजीर दोरी ओढून दिपिकाकडे जातो, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकतो आणि डोळे मिटतो.)

शार्दूल : काका, हा नक्की पळणाराच बैल आहे ना?

तुळशीराम : हा झोपला.

शार्दूल : झोपतो असा?

तुळशीराम : डाक्टर झोपेची सुई घेऊन आला तवा चौगांनी धरलेला, तरी त्याला झोप आली नवती. याला हा आवाज पाठ हाय. दिपे, रोज सांजचं गोठ्यान कोन असतं?

दिपिका : मी असते. अभ्यास करते.

तुळशीराम : मी पन तेच समजत होतो. गोठ्याशी जाता-येता कानावं पडाचं, टावर, बापूस, टावर, बापूस. बोललो, अवगड इषय दिसतोय.

दिपिका : बाबा, मी बदलते. बापूस काढून टाकते, दुसरं काहीतरी घालते.

तुळशीराम : परत लाव रं.

शार्दूल : पहिल्यापासून?

तुळशीराम : पयल्यापासून.

शार्दूल : लावतो. ...झालं, काका.

तुळशीराम : चूक हाय.

दिपिका : माहितेय, बाबा. मी लिहायला नको होतं.

तुळशीराम : मोगरा चौदाव्या माल्यावं नाय. बाराव्या. चौदाव्यावाली बाई कपडे सुकत घालते.

दिपिका : काय?

तुळशीराम : बाराव्या माल्यावं म्हातारा हाय एक. तोच पानी घालतो सकालचं. पावसान कुंडी आत घेतो. एवडं लिवलंस तर बराबर लिव ना. कोनी बगलं तर बोलंल, तुलशीरामच्या पोरीला मोजता येत नाय.

शार्दूल : काका, तुम्ही रोज बघता?

तुळशीराम : तुज्या पुस्तकान हाय काय हा प्रश्न?

शार्दूल : नाही.

तुळशीराम : मंग नको इचारू. दिपे, बारा बसतात काय त्या गान्यान?

दिपिका : बसतंय, बाबा. बाराव्या बसतंय.

तुळशीराम : बसव. आनि प्रनितला सांग, जिममदीच राव. दंड वाडव.

शार्दूल : मग चेन? चेन कुणाला द्यायची, काका?

तुळशीराम : गानाऱ्याला. तसंच हाय ना पुस्तकान?

शार्दूल : अगदी तसंच आहे.

दिपिका : बाबा, नको. जड आहे ही.

तुळशीराम : पयले दोन दिवस लागंल. मंग मानंला सवय होते. वजीरला इचार.

शार्दूल : दिपिका, हलू नकोस. खांद्यावर बैल, गळ्यात चेन, मागे गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीवर मूळव्याधीची जाहिरात. हे कुठल्या संकेतात बसतं ते मला माहीत नाही. मी खाली आडवा होतो, लो अँगल घेतो.

तुळशीराम : श्यान हाय तिथं.

शार्दूल : असू दे, काका.

तुळशीराम : हा पोरगा बरा हाय. काय रं, ती मागं उभी रावनारी मानसं, त्यांना काय कराला लागतं बोललास?

शार्दूल : काहीच नाही. हात बांधायचे.

तुळशीराम : बोलाचं नाय?

शार्दूल : अजिबात नाही.

तुळशीराम : मंग मना जमंल. सरक रं वजीर, जागा दे.